पितळ उतरवलं, पत्रा लावला

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. यूट्यूबवर एक जण सांगत होता की मोठी माणसं रोज लिहितात. दहावीची सायन्सची वही अर्धी कोरी सापडली. पहिल्या अर्ध्यात पचनसंस्था, उरलेली माझी.

मी प्रांजल. वय सतरा. वेसावा कोळीवाडा, अंधेरी वेस्ट. शाळा मी सोडली, शाळेने मला नाही. तोंडी परीक्षेला सर म्हणाले बोल. मला सगळं येत होतं, मूड नव्हता. सर पुन्हा म्हणाले बोल. मागची पोरं हसली. त्यानंतर गेलोच नाही. सध्या घरी जाळी शिवतो आणि बिझनेसचा विचार करतो.

आता मुद्दा. काल कृणालकडे घराची पूजा होती. कृणाल म्हणजे माझ्या काकाचा मुलगा, राहतो शेजारीच, माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, पण वागतो चार वर्षांनी. काकाने बोट विकली आणि घर वर चढवलं. टाइल्स, एसी, पांढऱ्या भिंती. हॉलमध्ये तीन चित्रं. कागदाची नाहीत, काच नाही. पत्र्यावर छापलेली. त्याला मेटल प्रिंट म्हणतात. एकात अजिंठ्याचा तो हातात कमळ धरलेला, एकात मुंबई सात बेटांची होती तेव्हाचा नकाशा, एकात जुन्या बादशहाच्या काळातला झेब्रा. मागे मॅग्नेट असतं, खिळा लागत नाही. कृणाल एकेका चित्रासमोर उभा राहून इंग्लिशमध्ये सांगत होता. हिस्टॉरिकल आर्टवर्क, हिस्टॉरिकल आर्टवर्क. सहा वेळा तरी म्हणाला.

मला काही वाटलं नाही. झोप लागली नाही, पण ती डासांमुळे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल मेन गोष्ट राहिली. पूजेला कल्पिता पण आली होती.

कल्पिता पलीकडच्या गल्लीतली. कॉलेजात टुरिझमचा कोर्स करते. तिचा प्रोजेक्ट असा की दर रविवारी बाहेरची माणसं कोळीवाड्यात आणायची, बंदर दाखवायचं, आणि एका घरात बसवून जेवायला घालायचं. ते घर एकच. स्वयंपाक त्या घरच्या बाईने करायचा, पैसे तिला. घर कोणतं ते कल्पिता आणि तिच्या मॅडम येऊन ठरवणार, तेवीस तारखेला.

आईचे गुडघे गेलेत. बाजारात पाटी घेऊन सकाळपासून बसते आणि उठताना दोन बायका लागतात. डॉक्टरने सांगितलंय खाली बसू नका. आई म्हणाली, मग मच्छी काय उभ्याने इकू? आमचं घर लागलं तर आईचा बाजार सुटेल. हा मुद्दा नंबर एक.

मुद्दा नंबर दोन, कल्पिता दर रविवारी आमच्या घरी.

(खरं तर हा नंबर एक. पण वही आईच्या हातात पडू शकते.)

आणि ती कृणालच्या झेब्र्यासमोर उभी राहून म्हणाली, भारी आहे रे. मी तिथेच होतो, पाण्याचे ग्लास घेऊन.

५ नोव्हेंबर, बुधवार

वाट लागली. कल्पिता घर बघायला आली. न सांगता. मी दारात जाळं पसरून बसलेलो, अंगात पप्पांची बनियन.

आमच्या पुढच्या खोलीत एकच भिंत मोठी. तिच्यावर चार फळ्या आणि फळ्यांवर आईची पितळेची भांडी. खाली हंडे, मग कळश्या, मग तांबे, वर ताटं उभी. आमच्या घरात येणारी प्रत्येक सून एक हंडा घेऊन येते. आजीचा, तिच्या सासूचा, तिच्या सासूचा. ऐंशी-शंभर वर्षांचा माल. दर शनिवारी चिंच आणि मीठ लावून मीच घासतो, कारण आईला वर पोचत नाही. कोणाला सांगत नाही हे.

कल्पिता त्या भिंतीसमोर किती वेळ उभी. मग फोन काढला आणि फोटो काढले. जवळून पण काढले. मला विचारलं, हे कोण घासतं रे? मी पायाकडे बघितलं. आई आतून ओरडली, त्योच घासतंय, दुसरा कोन? कल्पिता म्हणाली, बाप रे.

संपलं. फोटो काढले म्हणजे मैत्रिणींना दाखवून हसणार. बाप रे म्हणजे अजून कोणत्या जमान्यात राहतात ही लोकं.

कृणालच्या भिंतीचा तिने एकच फोटो काढला होता. आमच्या भिंतीचे सात. एवढी हसण्यासारखी भिंत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

निर्णय घेतला. भांडी जाणार, मेटल प्रिंट येणार. कृणालकडे तीन, आमच्याकडे पण तीन, पण मोठी. आणि त्याच्यापेक्षा लांबच्या देशांतली. त्याच्या अजिंठ्याला एस्टीने जाता येतं.

चित्रं निवडली.

पहिलं, जपानमधली लाट. दोनशे वर्षं जुनं. जगात फेमस. समुद्राचं आहे, म्हणजे आमच्याशी कनेक्शन.

दुसरं, हॉलंडमधलं. टेबलावर मासे पडलेत. चारशे वर्षं जुनं. हे पण कनेक्शन.

तिसरं, एक गोरा माणूस. काळे कपडे आणि गळ्याभोवती पांढरी झालर, पापडाच्या चळतीसारखी. कोण ते लिहिलेलं नाही. याचं कनेक्शन नाही, पण श्रीमंत दिसतो.

नव्या मोबाईलसाठी साठवलेले पैसे वापरणार. मोबाईल काय, कोणाकडेही असतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

दिंडोशीला जाऊन आलो. तिथे एक जण पत्र्यावर छापून देतो. दुकानात बोलायची पूर्ण तयारी करून गेलो होतो. वाक्य पाठ केलं होतं, मला हिस्टॉरिकल आर्टवर्क करायचं आहे. त्याने विचारलं, बोल भाई. मी फोन पुढे केला. चित्रं बघितली आणि त्याला समजलं. उगाच बोलून काय मिळतं.

मग त्याने विचारलं, घर समुद्राजवळ आहे का? असेल तर कोटिंगवाला पत्रा घे. आता याला काय करायचंय माझं घर कुठे आहे ते. कोळीवाडा म्हटलं की लोक नाक उडवतात. मी मान हलवली, नाही. तो म्हणाला, मग साधा चालेल, स्वस्त पडेल. बघा, न बोलता पैसे वाचले.

शनिवार होता पण भांडी घासली नाहीत. आईला म्हटलं पाठ दुखते. आईने पाठीला आयोडेक्स लावलं. अजून चुरचुरतंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माल आणला. प्रत्येक चित्र आमच्या खिडकीपेक्षा मोठं. रिक्षावाला म्हणाला, पतरा है तो टेम्पो करो. शेवटी बसने आणला. एक बाई माझ्या शेजारी बसली आणि लाटेत बघून टिकली नीट केली.

झकास चमकतंय. कृणालच्या झेब्र्याची आता खैर नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आई सकाळी बाजारात गेली आणि मी भिंत रिकामी केली. सगळी भांडी उतरवली, फळ्या काढल्या. फळ्यांमागे भिंतीला खाऱ्या ओलीचा लोणा धरलेला, रंगाचे पापुद्रे. चालेल, पत्र्याने झाकलं जाईल. मॅग्नेटच्या चकत्या चिकटवल्या, चित्रं बसवली. मध्ये लाट, डावीकडे मासे, उजवीकडे झालरवाला.

एकदम फाइव्ह स्टार. दारातून बघितलं, रस्त्यातून बघितलं. कृणालच्या खिडकीतून दिसतं का ते बघायला त्याच्या जिन्यावर पण जाऊन आलो. नाही दिसत. पण कळेलच त्याला.

आई दुपारी आली. पाटी खाली ठेवली. भिंतीकडे बघितलं, मग कोपऱ्यात गोणत्यात भरलेल्या हंड्यांकडे बघितलं. काही बोलली नाही. हे वाईट. आई बोलते तेव्हा ठीक असतं.

मग म्हणाली, तुझ्या आजीनं बघितलं असतं तर तुला हंड्यात घालून बुडवला असता. मी खाली बघत सांगितलं की हे कल्पितासाठी, म्हणजे रविवारच्या जेवणासाठी. आई म्हणाली, त्या पोरीनं सांगितलं का काढ म्हणून? मी म्हटलं, न सांगता कळायला पाहिजे. आई म्हणाली, तुना लय कळतंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लाट गेली.

काल आईने नीट बघितली नव्हती. आज चहा पिताना बघितली. मोठी लाट, तिच्या खाली तीन होड्या, होड्यांत माणसं वाकून बसलेली. आईचा कप तिथेच थांबला. विचारलं, हे बुडतान का? मी म्हटलं, नाही, फक्त लाट आहे, आर्ट आहे. आईने विचारलं, मग वाचले का? मी म्हटलं, चित्रात पुढचं दाखवलेलं नाही.

पप्पा तांडेल आहेत. म्हणजे बोट तेच चालवतात, मालक दुसरा. सोमवारपासून बाहेर आहेत.

आई उठली. गुडघे असे असून एका झटक्यात उठली. म्हणाली, तुझा बाप दर्यात हाय आनि तू घरात होड्या बुडवतंस? काढ. आता काढ. मी काढली. चकतीबरोबर भिंतीचा हाताएवढा तुकडा पण आला.

लाट आता मोरीजवळ उभी आहे, तोंड भिंतीकडे करून. शिक्षा केल्यासारखी. अपशकुन टळावा म्हणून आईने तिच्या पाठीला हळद लावली.

पप्पा आले की समजावतील. पप्पांना आर्टचं कळतं. बोटीवरचं नाव त्यांनीच रंगवलंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मास्टरस्ट्रोक.

भांडी ठेवायला जागाच नाही. माळ्यावर जाळी, खाटेखाली बर्फाच्या पेट्या. आई दोन दिवस गोणत्यांवरून उड्या मारतेय, म्हणजे मारता येत नाही म्हणून ओरडतेय. काकी आली होती. म्हणाली, सगुणा, आमच्याकडे ठेव, एवढा मोठा हॉल रिकामाच आहे. सगुणा म्हणजे आई.

कृणालचं घर वेगळं झालं तेव्हा आजीने काकीला विचारलं होतं, तुला पितळ हवं की स्टील? काकीने स्टील मागितलं होतं, मॉडर्न म्हणून. म्हणून सगळं पितळ आमच्या गळ्यात पडलं. आता कुठे हिशेब बरोबर होतोय.

आई नको म्हणत होती. मीच म्हटलं, जाऊ दे ना आई, नेतो मी. आई माझ्याकडे बघतच राहिली. मी स्वतःहून काम मागितलं याचं तिला बरं वाटलं असेल.

तिला काय माहीत माझ्या डोक्यात काय चाललंय. ते सगळं भंगार कृणालच्या पांढऱ्या हॉलमध्ये. मॅडम येणार, बघणार, म्हणणार हे काय जुनंपानं. त्याच्या झेब्र्याची किंमत शून्य.

सहा फेऱ्या मारल्या. खांदा गेला. पण आत्मा शांत.

१६ नोव्हेंबर, रविवार

मास्टरस्ट्रोक भाग दोन.

काकी म्हणाली, खाली ठेवली तर पाय लागेल, घरातली लक्ष्मी आहे. मी लगेच म्हटलं, आमच्या फळ्या आहेत, मीच ठोकून देतो. कृणालला ड्रिल धरता येत नाही. कॉमर्सला शिकवत नाहीत. त्याने मशीन उलटं धरून विचारलं, हे चालू कुठून होतं?

त्याच्या नव्या पांढऱ्या भिंतीला मी स्वतःच्या हाताने सोळा भोकं पाडली. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. प्रत्येक भोकाला कृणाल डोळे मिटत होता.

भांडी मांडायला अर्धा दिवस गेला. खरं तर कशीही टाकायला पाहिजे होती. पण हात ऐकत नाही. खाली हंडे, मग कळश्या, मग तांबे, वर ताटं. आजीचा हंडा मध्ये, पोचा आलेली बाजू भिंतीकडे. कृणालची तीन चित्रं त्या फळ्यांच्या बाजूला एकदम कोपऱ्यात गेली. झेब्रा तर दाराआड.

कृणाल म्हणाला, थँक्स यार, भारी दिसतंय. बिचारा. त्याला कळत पण नाही त्याच्या घरावर काय अटॅक झालाय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शेजारच्या नलिनी मावशी आल्या होत्या. दारातच थबकल्या. झालरवाल्याकडे बघून हात जोडले. आईला हळू आवाजात विचारलं, कधी वारले? आई म्हणाली, मना काय ठाव, पोराला विचार. मावशींनी मला विचारलं, आईकडचे का? मी काहीतरी मान हलवली. मावशी म्हणाल्या, रंग कसा गोरा होता बघ, तुमच्या घरात कोणी घेतला नाही.

जाताना झालरवाल्याला एक उदबत्ती लावून गेल्या.

मग आईने पहिल्यांदा हॉलंडचे मासे जवळून बघितले. चष्मा लावून. विचारलं, हे कवाचं? मी म्हटलं, चारशे वर्षांपूर्वीचं. आई म्हणाली, दिसतंयच. डोळे बघ कसे आत गेलेत. असं कुनी माझ्या पाटीत टाकलं असतं तर भर बाजारात तोंडावर मारलं असतं. जेवायला आलेल्या मानसांना हे बघून भूक लागंल का?

मुद्दा आहे. पण मॅडम शिकलेल्या असतात. त्या डोळे बघत नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पप्पा आले. सुखरूप. मासळी मात्र फार नाही. आई म्हणाली, लाट आनल्यावर अजून काय व्हनार.

मी पप्पांना लाट दाखवली. त्यांना आर्टचं कळतं म्हणून. त्यांनी ती उजेडात नेली. दोन्ही हातांनी धरून खूप वेळ बघितली. मला वाटलं आता बोलतील. म्हणाले, पत्रा चांगला आहे रे. जवळा सुकवायला होईल.

आता लाट अंगणात आहे. उताणी नाही, पालथी. पाठीवर जवळा.

दुसरी एक छोटी गोष्ट. झालरवाल्याच्या गालावर तांबूस ठिपके आलेत. माशांवर पण. नखाने खरवडलं तर बोटाला गंज लागला. खाऱ्या हवेने आठ दिवसांत पत्रा खाल्ला. मी विचार केला तर हे चांगलंच आहे. हिस्टॉरिकल आर्टवर्क म्हणजे जुनं दिसायलाच पाहिजे. कृणालचा अजिंठा बघा, काल केल्यासारखा गुळगुळीत. कोणाला खरं वाटेल?

मावशी म्हणाल्या, देवी आल्या होत्या का ह्यांना?

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या मॅडम. तयारी पूर्ण.

आरशासमोर पाठ केलं. हे सतराव्या शतकातलं डच चित्र आहे, त्या काळी श्रीमंत लोक जेवणघरात अशी चित्रं लावत. एकदम फ्लो. हाताची अ‍ॅक्शन पण आहे. कल्पिता ऐकेल आणि तिच्या मनात येईल, हा बोलत नाही पण जेव्हा बोलतो तेव्हा. कृणालसारखं सहा वेळा हिस्टॉरिकल म्हणणार नाही. दोनदा बस.

लोणा लागलेला भाग, म्हणजे जिथून लाट काढली, तिथे कॅलेंडर लावलं. कॅलेंडर लहान पडलं. मग दुसरं कॅलेंडर.

दुपारी कृणालकडे जाऊन आलो. सहज. भंगार कसं दिसतंय ते बघायला. मागच्या शनिवारी घासली नव्हती आणि त्याच्या आदल्या पण नाही, त्यामुळे भांडी काळवंडलेली. परफेक्ट. असंच ठेवायचं होतं.

पण मग काकी म्हणाली, उद्या बाहेरची माणसं येतील, सगुणाची भांडी अशी दिसली तर तिला नावं ठेवतील.

आईला नावं ठेवलेली चालणार नाहीत. हा वेगळा मुद्दा आहे. मी फक्त आजीचा हंडा घासणार होतो. तो घासला तर शेजारचा काळा दिसायला लागला. मग तो. मग रांगच लागली. काकीची सगळी चिंच संपली, दुकानातून आणायला लागली. कृणाल खाटेवर बसून फोन बघत होता. मध्ये एकदा म्हणाला, तोंड दिसतं रे यात.

काही फरक पडत नाही. भंगार घासलं तरी भंगारच.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपार

आल्या. आधी आमच्याकडे. मॅडम, कल्पिता, आणि कृणाल मागे मागे, बोलावलं नसताना.

आईने बांगड्यांचं कालवण केलं होतं. घरभर वास. मी नवीन शर्टात, भिंतीजवळ, जागा आधीच ठरवलेली.

कल्पिता आत आली आणि तिने त्या भिंतीकडेच बघितलं. सरळ. मग माझ्याकडे. मग पुन्हा भिंतीकडे. विचारलं, प्रांजल, हे काय?

आता. हाच तो क्षण. सतराव्या शतकातलं डच चित्र, श्रीमंत लोक, जेवणघर. सगळं ओठांवर. हाताची अ‍ॅक्शन सुरू पण झाली होती.

तोंडातून आलं, पत्रा.

एवढंच. मॅडमनी विचारलं, काय म्हणाला? कृणालने सांगितलं, पत्रा म्हणाला.

कल्पिता म्हणाली, अरे पण ती भांडी? मॅडम, मी फोटो दाखवले ना तुम्हाला, ती हीच भिंत. त्यासाठीच तर आणलंय तुम्हाला. भांडी कुठे गेली रे?

मी पायाकडे बघितलं. सात फोटो. सात.

मी सांगू शकलो असतो. भांडी शेजारीच आहेत, एक तास द्या, मी सगळं होतं तसं करतो. सोपं वाक्य आहे. लिहिताना किती सोपं वाटतं. कल्पिता थांबली होती. खरंच थांबली होती. तिने दुसऱ्यांदा पण विचारलं, सांग ना रे, बोल.

सर पण असंच म्हणाले होते.

तेवढ्यात एका चकतीने भिंत सोडली आणि झालरवाला खाली आला. मोठा आवाज झाला. अंगणातली कोंबडी आत आली. कॅलेंडर पण पडलं, मग दुसरं कॅलेंडर. मागची भिंत सगळ्यांना दिसली.

कृणाल म्हणाला, भांडी आमच्याकडे आहेत, याच्याच घरची आहेत, यानेच लावली. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. निदान त्याचा राग नीट करता आला असता.

सगळे तिकडे गेले. मी गेलो नाही. मला झालरवाला उचलायचा होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

निकाल. कृणालचं घर.

मॅडम म्हणे हॉलमध्ये शिरल्या आणि चपला काढायच्या विसरल्या, मग परत बाहेर जाऊन काढल्या. वीस माणसं आरामात बसतात, एसी आहे, आणि ती भिंत. कल्पिताने विचारलं की फळ्या परत आमच्याकडे नेता येतील का. मॅडमनी आमची भिंत बघितली होती. म्हणाल्या, त्या भिंतीला आता खिळा पण धरणार नाही, त्या मुलाने एवढं छान लावलंय, राहू दे.

त्या मुलाने म्हणजे मी.

मी ठरवलंय. कोळीवाड्यात राहण्यात अर्थ नाही. चेंबूरला मामाकडे जाणार, तिकडे प्रिंटिंगचं शिकणार. बॅग काढली. बॅगेत बर्फ ठेवला होता कोणीतरी, ओली आहे. सुकली की जातो.

संध्याकाळ. एक राहिलं. काकीला स्वयंपाक जमत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तिने स्वतःच सांगितलं मॅडमना, माझ्या हातचं खाल्लं तर दुसऱ्या रविवारी कोणी येणार नाही. स्वयंपाक आई करणार. कृणालच्या घरात, उभ्या ओट्यावर, आणि पैसे आईला. आईने बाजारातली जागा मावशींच्या सुनेला दिली पण. पप्पांनी जिलेबी आणली.

म्हणजे मुद्दा नंबर एक झाला.

सगळे खूष. मी पण. जिलेबी दोन खाल्ल्या, फार गोड होती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कृणाल आला होता. हातात काहीतरी चादरीत गुंडाळलेलं. म्हणाला, मॅडम म्हणाल्या पितळेच्या बाजूला हे बरं दिसत नाही, आणि तुला आवडतात ना, म्हणून तुला आणली. फ्री.

अजिंठा, सात बेटं, झेब्रा.

जवळजवळ महिनाभर मी डोळे मिटले की हा झेब्रा दिसायचा. आता समोर ठेवलाय. जवळून बघितलं तर साधा झेब्रा आहे.

कोटिंगवाला पत्रा आहे, गंजणार नाही. आयुष्यभर टिकेल.

बॅग सुकली. पण चेंबूरला जाण्याचं पुढच्या आठवड्यात बघू. रविवारी आईला पाट्या, तवे, नारळ तिकडे उचलून द्यायला कोणीतरी लागेल.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिलं जेवण. वीस म्हटले होते, तेवीस आले.

मी घरात. आई, पप्पा, सगळे तिकडे. पप्पा पण टोपी घालून पाहुण्यांना जाळ्याची माहिती सांगतायत. आवाज इथपर्यंत येतोय. आईच्या कालवणाचा वास पण तिकडून इकडे येतोय. आमच्याच घरचा वास, उलट्या बाजूने.

माझ्या नावावर सहा मेटल प्रिंट झाल्या. पूर्ण कोळीवाड्यात एवढ्या कोणाकडे नाहीत. अंधेरीत पण नसतील. लाटेवर जवळा आहे. मासे पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून बरोबर बसले, जणू माप घेऊन केलेत. झालरवाल्याला मावशी मागून घेऊन गेल्या, म्हणाल्या घरात एक वडीलधारा असलेला बरा. कृणालची तीन खाटेखाली. भिंतीवर कॅलेंडर.

आत्ता कल्पिता दारात येऊन गेली. धावत आलेली, कपाळावर घाम. म्हणाली, सगळे भिंतीसमोर फोटो काढतायत रे, लाइन लागलीये. मी मनात वाक्य तयार केलं. चांगलं वाक्य होतं. ते तोंडात येईपर्यंत ती पुढचं बोलली. म्हणाली, एका पाहुण्याने कालवणाचा हात मधल्या हंड्याला लावलाय, डाग पडलाय, कृणालने सर्फ लावला तर अजून काळा झाला. तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही. दर शनिवारी येशील ना? आणि आता पण?

मी म्हटलं, हो.

मोठ्याने. दोघांनी पण ऐकलं, मी आणि तिने. मग ती गेली, तिकडे कृणाल हाक मारत होता.

चिंच भिजत घातली आहे.